वीसपट की पन्नासपट? छोट्या रीफ टँकमधला पाण्याचा प्रवाह

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : घरी ६० × ३० × ३५ सें.मी.चा छोटा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आहे. खडक आणि वाळू वजा जाता पाणी सुमारे ५० लिटर. सुरुवातीला मागे टांगलेल्या फिल्टरवरच सगळं चालत होतं. टॉर्च कोरल (लांब बोटांसारख्या स्पर्शिकांचं प्रवाळ) छान फुलायचं, पण खडकांवर गाळ साचायचा. एका जाणकाराने सांगितलं, तासाला पाण्याच्या वीसपट प्रवाह पुरे. दुसरा म्हणाला, पन्नासपटीखाली रीफ जगतच नाही. म्हणून ताशी ३००० लिटरचा वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी ढकलणारा पंप आणला. त्याचा वेग कमी-जास्त करता येत नाही. तेव्हापासून टॉर्चची बोटं दिवसभर एकाच बाजूला लवलेली असतात, एका कडेला मांस मागे सरून पांढरा सांगाडा दिसू लागलाय. लेदर कोरल आठवडाभर मिटलेलं आहे. एका कोपऱ्यातली वाळू उडून तळाची काच उघडी पडली, आणि तरीही खडकामागे लालसर चिकट थर धरतोच आहे. झोआ आणि झेनिया ही इतर दोन प्रवाळं मात्र मजेत आहेत. पुढे अक्रोपोरा या प्रवाळाचा एक छोटा तुकडा आणायची इच्छा आहे. आता नेमका आकडा कोणता धरायचा? लहान पंप घ्यायचा की मोठा?

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली : टॉर्चची बोटं दिवसभर एकाच बाजूला लवलेली असतात. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीत आहे आणि ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तरीही शेवटी विचारताना तुम्ही वीस आणि पन्नासकडेच वळलात, म्हणून आधी या आकड्यांचा समाचार घेऊ.

वीसपट म्हणजे टँकमध्ये जेवढं पाणी आहे त्याच्या वीसपट पाणी पंपाने तासाभरात ढकलायचं. तुमच्या ५० लिटरला ताशी १००० लिटर. पन्नासपट म्हणजे २५००. तुमचा पंप ३००० चा, म्हणजे साठपट. हिशेब सोपा आहे, म्हणून तोच सगळीकडे सांगितला जातो. पण प्रवाळाला पट कळत नाही. त्याला कळतो तो अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग, आणि पटीवरून हा वेग काढता येत नाही. करून पाहा. तुमच्या टँकमधलं सगळं पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे तासाला पन्नास वेळा गेलं असं धरा. ६० सें.मी. गुणिले पन्नास म्हणजे तासाला ३० मीटर, सेकंदाला जेमतेम ०.८ सें.मी. हीच पन्नासपट १८० सें.मी. लांबीच्या टँकला लावा : सेकंदाला २.५ सें.मी. पट तीच, वेग तिप्पट. प्रत्यक्षात पाणी असं सरळ रांगेत जात नाही, ते फिरतं, घुसळतं, त्यामुळे हे वेग जसेच्या तसे धरू नका. पण मोठ्या टँकवर आलेला अनुभव पटीच्या रूपात छोट्या टँकवर का उतरत नाही, हे यातून कळतं. तुम्हाला सल्ला देणारे दोघंही आपापल्या टँकपुरते बरोबर असतील. मऊ प्रवाळं आणि टॉर्चसारखी मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक तोंडाचा जीव) प्रवाळं ठेवणारे साधारण दहा ते वीसपटीत समाधानी असतात, आणि अक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची, काटकुळ्या फांद्यांची प्रवाळं ठेवणारे तीस ते पन्नास किंवा त्याहूनही वर जातात.

छोट्या टँकची खरी अडचण वेगळीच असते. पंपाच्या तोंडातून निघालेला झोत जसा पुढे जातो तसा पसरतो, आजूबाजूचं पाणी सोबत ओढतो आणि मंदावतो. ढोबळमानाने, अंतर दुप्पट झालं की झोताच्या मध्याचा वेग निम्मा होतो. लांब टँकमध्ये त्याला मंदावायला वाव मिळतो. तुमच्याकडे वाटेत आधी टॉर्च येतं, आणि मग लगेच समोरची काच. म्हणून एकाच टँकमध्ये एकाच वेळी एक प्रवाळ झोडपलं जातंय आणि वीतभर अंतरावर खडकामागे पाणी जवळपास थांबलेलं आहे. प्रवाह जास्त आहे की कमी, असं तुम्ही विचारता. तुमच्या टँकमध्ये दोन्ही आहे. पंप बदलून हे सुटेलच असं नाही. तोच झोत त्याच जागी राहिला, तर लहान पंपाने टॉर्च वाचेल आणि मागचा थर वाढेल, मोठ्या पंपाने उलटं होईल.

मुळात प्रवाह लागतो कशाला? प्रवाळ जागचं हलत नाही. अन्न त्याच्यापर्यंत यावं लागतं आणि त्याने टाकलेलं पाण्याने वाहून न्यावं लागतं. पण त्याहून महत्त्वाचं काम डोळ्यांना दिसत नाही. प्रवाळाच्या त्वचेला लागून पाण्याचा एक पातळ, जवळपास स्थिर थर असतो. दिवसा आतली सूक्ष्म शैवालं उजेडात प्राणवायू तयार करतात, आणि तो या थरातून हळूहळू झिरपतच बाहेर पडतो. रात्री उलट, प्रवाळाला लागणारा प्राणवायू त्याच थरातून आत यावा लागतो. सांगाडा बांधायचं साहित्यही याच वाटेने येतं. पाणी हललं की हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते.

हे किती महत्त्वाचं आहे ते तुमची झेनियाच दाखवते. तिच्या कुळातली प्रवाळं मूठ उघडावी-मिटावी तशी एकसारखी हालचाल करत राहतात. त्यात शक्ती खर्च होते, मग ती हे का करतात? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाल समुद्रातल्या हेटरोझेनियावर प्रयोग करून हे तपासलं गेलं. हालचाल चालू असताना तिचं प्रकाशसंश्लेषण, ती स्तब्ध असतानाच्या तुलनेत, दहापटीपर्यंत जास्त भरलं. कारण हेच : उघडझापीने अंगालगतचं पाणी ढवळलं जातं आणि साठलेला प्राणवायू बाहेर पडतो. म्हणजे ती स्वतःचा प्रवाह स्वतः तयार करते. तुमच्याकडे ती मजेत असण्यामागे हेही एक कारण असू शकतं. तेव्हा झेनियाकडे पाहून टँकमधला प्रवाह ठीक आहे असं ठरवू नका. झोआही तशा सोशीक असतात, त्यांचीही साक्ष फारशी उपयोगी नाही. टॉर्च आणि लेदर या दोघांचं ऐका.

आणखी एक गृहीत मला तपासावंसं वाटतं, कारण दुसऱ्या सल्ल्याच्या मुळाशी तेच आहे : समुद्रात केवढा जोर असतो, मग टँकमध्ये जितका प्रवाह जास्त तितकं चांगलं. पहिली गोष्ट, सगळा रीफ सारखा नसतो. लाटा फुटतात त्या बाहेरच्या कडेवर जबरदस्त जोर असतो. आतल्या शांत लगूनमध्ये आणि खोल उतारांवर पाणी संथ असतं, आणि टॉर्च ज्या युफिलिया कुळातलं आहे त्याची बरीच प्रवाळं अशाच आडोशाच्या जागी वाढतात. दुसरी, फायदा सरळ रेषेत वाढत जात नाही. थांबलेलं पाणी हलू लागलं की मोठा फरक पडतो. आधीच जोरात असलेलं पाणी आणखी जोरात केलं तर फरक थोडा. तोटा मात्र झपाट्याने वाढतो, कारण पाण्याची ढकल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ढकल चौपट. टॉर्चचं मांसल अंग धारदार कडांच्या सांगाड्यावर बसलेलं असतं. सतत एकाच बाजूने दाब आला की ते त्या कडेवर घासतं, फाटतं आणि मागे सरतं. तुम्ही वर्णन केलेली पांढरी कड बहुधा हीच.

पण हे सूत्र तुमच्या बाजूनेही चालतं. अंतर दुप्पट केलं तर वेग निम्मा आणि ढकल चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून आजचं पहिलं काम खरेदीचं नाही. टॉर्च झोताच्या वाटेतून बाजूला घ्या. तळाशी, पंपापासून दूर, जिथे बोटं डोलतात, झुकतात आणि पुन्हा सरळ होतात अशी जागा शोधा. डोलणं हवं, एका बाजूला लवून राहणं नको, अगदी निश्चल लोंबणंही नको. जागा ठरवताना लक्षात घ्या की टॉर्च डंख करतं आणि त्याची बोटं प्रवाहाच्या दिशेने लांबवर पोचतात, तेव्हा प्रवाहाच्या पुढच्या अंगाला १५ सें.मी. तरी मोकळी जागा सोडा. एकदा ठेवलं की त्याला दोन-तीन आठवडे हलवू नका. रोज जागा बदलणं हाही त्याच्यावर ताणच आहे. त्या दिवसांत उघड्या कडेवर तपकिरी, शेंबडासारखा थर दिसला तर मात्र थांबू नका. आधी पंप बंद करा, तो थर नळीने ओढून घ्या आणि प्रवाळ वेगळ्या भांड्यात काढा. हा रोग पाण्याबरोबर शेजारच्या टॉर्च, हॅमर अशा प्रवाळांपर्यंत जातो.

लेदर कोरलबद्दल मला कमी काळजी वाटते. ते अधूनमधून मिटतं, अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरते आणि मग ती साय सोलून टाकतं. यात काही दिवस, कधी त्याहून जास्तही जातात. ही साय निघून जायला बऱ्यापैकी प्रवाह लागतो, म्हणून टॉर्चला वाचवायच्या नादात लेदरला आडोशाला नेऊ नका. त्याला मधल्या उंचीवर राहू द्या, फक्त झोताच्या थेट तोंडासमोर नको.

आता पंपाकडे. वेग बदलता येत नसला तरी दिशा बदलता येते, आणि दिशा हे मोठं साधन आहे. सध्या तुमचा पंप लांबीच्या दिशेने सरळ मारतोय असं वाळूच्या खड्ड्यावरून वाटतं. त्याला पृष्ठभागाखाली थोड्या खोलीवर लावा, किंचित वर आणि समोरच्या काचेकडे तिरपा करा. झोत काचेवर फुटला की त्याचा पंखा होतो, पाणी काचेवरून खाली आणि मग मागच्या बाजूने परत येतं. प्रवाळांना थेट मार न बसता फिरतं, विस्कळीत पाणी मिळतं. पृष्ठभागावर लहर उठली पाहिजे, कारण प्राणवायूची देवाणघेवाण तिथेच होते. मात्र पाणी उडायला नको. उडणाऱ्या पाण्याचं मीठ दिव्यावर आणि कडेवर साचतं, आणि हलत्या पृष्ठभागामुळे बाष्पीभवनही वाढतं. ५० लिटरमधल्या लिटरभर पाण्याची वाफ झाली तरी क्षारता चढते. ती ३५ च्या, म्हणजे १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या आसपास राहावी म्हणून रोज भर घाला, तीही आरओचं बिनमिठाचं पाणी घालून. खाऱ्या पाण्याने भर घातली तर क्षारता चढतच जाते.

खडकामागचा लाल थर म्हणजे बहुधा सायनोबॅक्टेरिया. तो थांबलेल्या पाण्यात, साचलेल्या गाळावर धरतो हे खरं, पण फक्त पंप वाढवून तो गेला असं क्वचितच होतं. बऱ्याचदा तो शेजारच्या कोपऱ्यात जाऊन धरतो. तुम्ही पंप मागे वळवून पाहिला असेल तर हे लक्षात आलं असेल. खडक मागच्या काचेला टेकलेले असतील तर ते ४-५ सें.मी. पुढे घ्या, भिंत फोडून मधे आरपार वाट करा. छोट्या टँकमध्ये दोन सुट्या, पोकळ रचना एका घट्ट ढिगापेक्षा कितीतरी बऱ्या. मग आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या थोडं आधी, मोठ्या ड्रॉपरने किंवा पिचकारीने खडकांवरचा गाळ उडवा आणि तो नळीने बाहेर काढा. फिल्टरच्या काळात साचणाऱ्या गाळावरही हाच उपाय होता, त्यासाठी साठपट पंप लागत नव्हता. सोबत नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. दोन्ही खूप चढलेले असतील तर खाणं कमी करून पाणी बदला. दोन्ही शून्य दाखवत असतील आणि थर तपकिरी, तंतूंचा, बुडबुडे धरणारा असेल तर ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव असू शकतात, आणि तिथे आणखी स्वच्छता केल्याने बिघडतं.

वाळू अगदी बारीक असेल तर दिशा बदलल्यावरही थोडी सरकेल. उघड्या पडलेल्या जागी १-२ मिमी दाण्याची वाळू घाला, ती बसून राहते.

हे सगळं केल्यावर मोजायचं कसं? टँकच्या बाहेरून काचेवर पट्टी चिकटवा, फिल्टर आणि पंप चालू ठेवून माशांच्या खाण्याचे थोडे कण पाण्यात सोडा आणि मोबाइलवर चित्रण करा. एखादा कण १० सें.मी. जायला किती वेळ घेतो ते पाहा. दोन सेकंद लागले तर वेग सेकंदाला ५ सें.मी. हे टॉर्चजवळ, लेदरजवळ, खडकामागे आणि वरच्या कोपऱ्यात, चार ठिकाणी करा. कोणत्याही डब्यावरच्या आकड्यापेक्षा ही चार मापं तुमच्या टँकबद्दल जास्त सांगतील. कण जिथे येऊन बसतात आणि उठत नाहीत, त्या जागाही लिहून ठेवा. गाळ तिथेच साचणार आहे. पुढे पंप बदलला, खडक हलवला, प्रवाळ वाढलं, की पुन्हा मोजा. प्रवाळ वाढलं की तेच पाणी अडवू लागतं, म्हणून पहिल्या वर्षी बरोबर असलेला प्रवाह दुसऱ्या वर्षी अपुरा पडतो.

दिशा, जागा आणि खडक या तिन्हींवर काम करूनही टॉर्च लवलेलंच राहिलं, तर पंप बदला. माझी पसंती तुमच्या टँकसाठी ताशी १००० लिटरच्या आसपासच्या दोन लहान पंपांना आहे, समोरासमोरच्या टोकांना, आलटून पालटून चालणाऱ्या. साध्या टायमरवर सहा-सहा तासांची पाळी लावली तरी दिवसातून काही वेळा प्रवाहाची दिशा उलटते. बऱ्याच किनाऱ्यांवर भरती-ओहोटीने साधारण तेवढ्याच वेळाने पाणी दिशा बदलतं. दिशा बदलली की एकाच कडेवर सतत दाब येत नाही आणि आडोशाच्या जागाही रोज धुतल्या जातात. एकच पंप ठेवायचा असेल तर डीसी मोटरचा, नियंत्रक असलेला आणि रुंद, पसरट धारेचा घ्या. ३०००चा डीसी पंप तीस-चाळीस टक्क्यांवर चालवता येतो आणि पुढे गरज पडली तर वाढवता येतो. त्यात खाण्याच्या वेळी दहा मिनिटं थांबण्याची सोय असेल तर उत्तम, कारण फार जोराच्या पाण्यात पॉलिपना खाणं पकडता येत नाही. अॅनिमोन ठेवणार असाल तर पंपाच्या ओढत्या बाजूला जाळी किंवा स्पंजाचं आवरण हवंच. तो फिरत फिरत आत खेचला गेला तर स्वतः जातोच, सगळा टँकही नासवतो.

अक्रोपोराबद्दल स्पष्ट सांगते : आत्ता आणू नका. त्याला प्रवाह लागतो हे तर खरंच. १९९८ च्या मोठ्या विरंजनानंतर (प्रवाळं पांढरी पडण्याच्या घटनेनंतर) २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की जोरदार प्रवाहातली अक्रोपोरा मंद पाण्यातल्या अक्रोपोरापेक्षा जास्त तगली. पण तिला उजेड, क्षारता आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) यांचं स्थैर्यही तितकंच लागतं, आणि ५० लिटरमध्ये हे सगळं दिवसाकाठी हलतं. शिवाय तिला हवा तो जोर टॉर्चला नको, आणि ६० सें.मी.मध्ये या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायला जागा पुरत नाही. बारीक पॉलिपचंच काही हवं असेल तर टॉर्च सावरल्यावर माँटिपोराचा एक तुकडा वरच्या कोपऱ्यात, फुटलेल्या झोताच्या बाजूला लावून पाहा. तो तीन-चार महिने रंग धरून वाढला, तर पुढचं ठरवता येईल.

वीज गेली की प्रवाहाबरोबर प्राणवायूही थांबतो, आणि गच्च भरलेल्या छोट्या टँकमध्ये तो लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात तयार ठेवा.

आणि पंप धुवायला विसरू नका. त्याच्या पात्यांवर चुनखडीचा गुलाबी-पांढरा थर चढतो आणि प्रवाह इतका हळूहळू घटतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी पंप बाहेर काढून सायट्रिक अॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवा, ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने चांगला धुवा. धुतल्यावर तो पहिल्यासारखा जोरात येतो, म्हणून त्या दिवशी झोताची दिशा पुन्हा तपासा, आणि वेग बदलता येत असेल तर आधी एक टप्पा कमीच ठेवा.